एका ओळीची प्रार्थना: दिवसभरात तुम्ही काय म्हणता?

सावेडीकर

सलाम मंडळी. (जय ख्रिस्त म्हणणाऱ्यांना जय ख्रिस्त, बाकीच्यांना नमस्कार.)

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माहेर नगरचं, आता चिंचवडला असते. नवऱ्याचं डायलिसिस सुरू होऊन चौदा महिने झाले, सोम-बुध-शुक्र, आमचा नंबर पहाटेच्या शिफ्टला, साडेसहाला मशीनला लावतात म्हणजे मी पाचला उठायचं, डबा, त्यांचा नाश्ता, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या, रिक्षा बघायची, त्यांना सोडून तिथूनच ऑफिसला, आणि अकराला त्यांना आणायला धाकटा दीर जातो. भाज्यासुद्धा आदल्या रात्री चिरून पाण्यात घालून ठेवायच्या, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. हे सगळं रडगाणं म्हणून नाही सांगत, वेळ कुठे जातो ते कळावं म्हणून सांगतेय.

पूर्वी माझी पहाटेची प्रार्थना असायची. अर्धा तास, शास्त्रभाग, एखादं गीत, मग गुडघ्यावर. आईने लावलेली सवय, लग्नानंतरही मोडली नव्हती. ती आता गेली. गुडघ्यावर बसले की डोळा लागतो. एकदा तशीच पलंगाला डोकं टेकून झोपून गेले, जाग आली ती दूध उतू जाऊन करपल्याच्या वासाने.

आता मूळ मुद्दा. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोटं ठेवली की आत मांजर घुरघुरतंय अशी थरथर लागते. तिला थ्रिल म्हणतात आणि ती रोज तपासायची असते, थरथर थांबली म्हणजे आत गुठळी झाली असेल, लगेच हॉस्पिटल गाठायचं. तर मी उठल्या उठल्या अंधारातच यांच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवते. पहिले काही दिवस नुसती भीतीच वाटायची. मग एक दिवस बोटं ठेवता ठेवता तोंडातून निघालं, "प्रभू, आहेस ना." बस एवढंच. थरथर लागली. मी उठले, कामाला लागले.

तेव्हापासून हेच चाललंय. सुया टोचतात तेव्हा (जाड असतात हो, दोन दोन) मी बाहेर उभी राहून "प्रभू, बळ दे". रिक्षा मिळत नसली की "लवकर पाठव रे बाबा". ऑफिसात साहेबांच्या केबिनचं दार ढकलताना "तोंड सांभाळ माझं". रात्री उशीला डोकं टेकताना "आजचं झालं, घे". अर्ध्या तासाची प्रार्थना अशी दिवसभर फुटाण्यासारखी विखुरली गेलीय.

मागच्या महिन्यात महिला मंडळाच्या सभेत हे बोलले तर एक बाई हसून म्हणाल्या, "हे म्हणजे देवाला मिस्ड कॉल देण्यासारखं झालं!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते डोक्यात राहिलं. खरंच मी पाट्या टाकतेय का? तुमच्यापैकी कोणी अशा छोट्या प्रार्थना करता का? काय म्हणता? मराठीत सांगा, तोंडात बसेल असं.

पेटीमास्तर

ताई, सलाम. मी पण नगरचाच, ४० वर्षं उपासनेत पेटी वाजवतोय म्हणून हे नाव.

बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचा, दुसरा अध्याय. हा माणूस पारसच्या राजाचा प्यालेबरदार, यरुशलेमचा कोट पडलाय म्हणून तोंड उतरलेलं. राजा विचारतो, तुझी मागणी काय? आता राजासमोर उभा, हातात द्राक्षारस, गुडघे टेकायला वेळ आहे का? वचन म्हणतं की त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या फटीत प्रार्थना! किती शब्दांची असेल? दोन? राजाला कळलंसुद्धा नाही. आणि काय म्हणाला ते लिहिलेलंही नाही, मला ते फार आवडतं.

येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा काय म्हणाला? "प्रभूजी, मला वाचवा." त्याने आधी स्तुती, मग पापांगीकार, मग आभार असं सुरू केलं असतं तर शेवटच्या आमेनला तळाशी असता.

आमची आजी राहुरीकडची. तिला लिहिता वाचता येत नव्हतं, जात्यावर दळताना तिच्या ओव्या असायच्या, एक मला पाठ आहे:

पहिली माझी ओवी गं
येशू राजाच्या नावाला
बळ दे रे गावाला
आणि माझ्या खुंट्याला

खुंटा म्हणजे जात्याचा. गावाच्या जोडीला खुंट्यालाही बळ. पाट्या टाकत नव्हती ती, दळत होती.

फक्त_वचन

ताई तुमच्या परिस्थितीबद्दल वाईट वाटलं, मंडळीत तुमच्यासाठी प्रार्थना करू. पण प्रेमाने एक सांगतो, रागावू नका. मत्तय ६:७ मध्ये प्रभू स्पष्ट सांगतो की परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका. तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं म्हणजे जप झाला. आपण जप करत नाही. देवाशी बोलायला वेळ काढावा लागतो, सकाळी थोडं आणखी लवकर उठून बघा.

रात्रपाळी

@फक्त_वचन दादा ती पाचला उठते. आणखी लवकर म्हणजे किती वाजता, तुम्हीच सांगा.

वसईचा_पोऱ्या

जय येशू सगळ्यांना. फक्त_वचन यांना उत्तर द्यायचा मोह आवरत नाहीये, मी कॅथलिक आहे त्यामुळे रोझरीवरून (आमची जपमाळ) हे ऐकायची सवय आहे, पण आज पेटीमास्तरांच्या मैदानात खेळतो, नुसतं बायबल.

गेथशेमाने बागेत येशूने तीनदा प्रार्थना केली, आणि तिसऱ्यांदा "तेच शब्द" बोलून केली असं मत्तयच लिहितो, २६:४४. तोच मत्तय. स्तोत्र १३६ उघडा, २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीत "त्याची दया सनातन आहे". २६ वेळा! यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय, "येशू, दाविदाचे पुत्र, मजवर दया करा", लोक म्हणाले गप्प बस, तर तो आणखीच मोठ्याने तेच ओरडायला लागला. येशू थांबला की नाही?

बडबडीच्या आधी "व्यर्थ" आहे, आणि पुढचं वाचलं तर आपण पुष्कळ बोललो म्हणजे ऐकलं जाईल असं ज्यांना वाटतं त्यांच्याबद्दल ते आहे. ताई तर तीन शब्द बोलतेय. पुष्कळ बोलण्याचा आरोप तिच्यावर कसा येईल?

आता माझं सांगतो. माझी ओळ म्हणजे "येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे". पोलंडच्या सिस्टर फौस्टिना होत्या, १९३१ साली त्यांना झालेल्या दर्शनातून ते दैवी दयेचं चित्र आलं आणि त्याखाली ही ओळ, आमच्याकडे बऱ्याच घरात लावलेलं दिसेल. मी ती विरार फास्टच्या दारात एक पाय आत एक पाय हवेत असताना म्हणतो. दादर येईपर्यंत दुसरं काही सुचत नाही आणि दुसरी प्रार्थना इतकी मनापासून होतही नाही.

आणि ॲम्ब्युलन्स गेली की क्रूसाची खूण आणि "प्रभू, सांभाळ त्याला". आत कोण आहे माहीत नसतं. आईने लहानपणी लावलेलं, आता हात आपोआप कपाळाकडे जातो. ऑफिसातली पोरं सुरुवातीला हसायची, आता एकजण माझ्याकडे बघून स्वतःच हात जोडतो.

फक्त_वचन

गेथशेमानेचा मुद्दा मान्य. पण प्रभू त्या रात्री पुष्कळ वेळ प्रार्थना करत होता, तेही तितकंच खरं, शिष्यांना म्हणाला ना की घटकाभरही जागं राहवलं नाही का. छोट्या प्रार्थनेला माझा विरोध नाहीये, ती मोठीच्या जागी येऊन बसली की मात्र भीती वाटते. माझं स्वतःचं तसं झालंय म्हणून बोललो. धंद्याच्या गडबडीत "थँक्यू येशू, थँक्यू येशू" करत दोन वर्षं काढली आणि एक दिवस लक्षात आलं की मी त्याच्याशी काही बोललोच नाहीये. @रात्रपाळी वेळेचं चुकलं माझं, मागे घेतो.

सावेडीकर

@फक्त_वचन भाऊ तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं, पहिल्या उत्तराने जरा लागलं होतं. तुम्ही म्हणताय ती भीती मलाही आहे, म्हणूनच विचारलं.

रात्रपाळी

मुंबईत आयसीयूला नर्स आहे, १७ वर्षं झाली. ताई आधी धंद्याचं बोलते मग प्रार्थनेचं. थ्रिल रोज बघताय ते एकदम बरोबर. त्या हातावर बीपी घेऊ देऊ नका, त्या हातातून रक्त काढू देऊ नका, कोणी नवीन सिस्टर आली तर ठणकावून सांगा. त्या हाताने सिलिंडर पिशव्या उचलायच्या नाहीत, घट्ट घड्याळ नाही. आणि झोपताना त्या कुशीवर किंवा तो हात डोक्याखाली घेऊन झोपतात का बघा, बरेच पुरुष झोपतात.

आता प्रार्थना. आम्हाला प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हाताला सॅनिटायझर चोळावं लागतं, वीसेक सेकंद. शिफ्टमध्ये कितीतरी वेळा होतं. पूर्वी मी मनात आकडे मोजायचे. आता आधीच्या वेळी "प्रभू, या हातांना जप" आणि नंतरच्या वेळी "हा तुझा, सांभाळ". हात वाळेपर्यंत दोनतीनदा होतं. पेशंटचं नाव माहीत असेल तर नाव घालते. एखादा पेशंट गेला तरी हात चोळावेच लागतात. तेव्हा नंतरचीच ओळ चालते, एक शब्द बदलायला लागत नाही.

माझ्याबरोबरची सिस्टर केरळची, ती "ईशो मरियम यौसेप" म्हणते, येशू मरिया योसेफ. त्यांच्याकडे लहान मुलाला पण हेच शिकवतात आणि मरणाऱ्याच्या कानात पण हेच सांगतात. पहिल्यांदा मला वाटलं ही कुणालातरी हाका मारतेय. मारतच होती म्हणा.

तर्कटराव

धागा आवडला, मी देव मानत नाही हे आधीच सांगतो. भांडायला आलेलो नाही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, २३ माणसांना लॅटिनमधून रोझरी म्हणायला लावली आणि योगातला मंत्र पण म्हणायला लावला, दोन्हीत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. म्हणजे ओळ कुठलीही असली तरी शरीर शांत होतं. ताईंना जे बळ मिळतं ते खरंच आहे, फक्त ते कुठून येतं यावर आपलं जमणार नाही. माझा प्रश्न प्रामाणिक आहे: तिकडे कोणी नसेल तरी ही ओळ काम करेल का?

सावेडीकर

@तर्कटराव श्वासाचं माहीत नव्हतं, होत असेल तर बोनस समजते. सकाळी पाचला मी "आहेस ना" असं विचारते. ते मी माझ्या फुप्फुसांना विचारत नाही. तिकडे कोणी नसेल तर शरीर शांत होईलही तुम्ही म्हणता तसं, पण मग मी प्रश्न विचारणं बंद करीन. प्रश्न कुणाला तरी असतो. यापेक्षा चांगलं उत्तर मला येत नाही.

तर्कटराव

चांगलं आहे. पटलं नाही पण चांगलं आहे.

विठूचा_गडी

रामकृष्णहरी माउली. आमच्या घरात वारी आहे, आजोबांपासून. तुमचा धागा वाचून वाटलं हे तर आमचंच. नामस्मरणाला वेळकाळ नाही, हात कामात आणि मुखी नाम. अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, भाजीच्या वाफ्यात त्यांना देव भेटला. डायलिसिसच्या खुर्चीशेजारी का भेटू नये. तुमच्या यजमानांना आराम पडो.

पेटीमास्तर

@विठूचा_गडी माउली, रामकृष्णहरी. आमचे रेव्हरंड टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले तरी म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. तो पूल अजून शाबूत आहे, अधूनमधून दोन्हीकडची माणसं येऊन त्यावर उभी राहतात.

तुमच्या सावता महाराजांसारखा आमच्यातही एक आहे. पॅरिसच्या कार्मेली मठात लॉरेन्स नावाचा ब्रदर होता, १६९१ ला वारला. शिकलेला फारसा नव्हता म्हणून स्वयंपाकघरात घातला, पाय अधू झाला तेव्हा चपला दुरुस्तीला. त्याचं म्हणणं असं की चॅपेलमध्ये गुडघ्यावर असताना देव जितका जवळ तितकाच भांड्यांच्या खडखडाटात. कामाच्या मध्येमध्ये तो देवाशी दोन शब्द बोलून घ्यायचा. मोठेमोठे लोक त्याला भेटायला यायचे.

आणि ताई, तुमच्या त्या बाईंना सांगा, मिस्ड कॉल म्हणून हिणवू नका. चौथ्या पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात साधू राहायचे, टोपल्या विणत विणत प्रार्थना करायचे. संत ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या विधवा बाईला पत्र लिहिलंय, त्यात तो सांगतो की तिकडचे बंधू पुष्कळ वेळा प्रार्थना करतात पण अगदी छोट्या, बाण सुटावा तशा. कारण काय तर लांबवलं की मन बोथट होतं. त्या साधूंकडून कॅसियन नावाचा माणूस एक ओळ घेऊन आला, स्तोत्र ७० ची पहिली: देवा, मला सोडवायला त्वरा कर, परमेश्वरा, मला साहाय्य करायला त्वरा कर. तो म्हणतो ही ओळ सुखात म्हण, दुःखात म्हण, भूक लागली तर म्हण, झोप येत नसली तरी म्हण. आजही कॅथलिक मठांमधली रोजची प्रार्थना याच ओळीने सुरू होते, वसईच्या पोऱ्याला विचारा.

"त्वरा कर" ही माझी आवडती मागणी आहे. एवढ्या मोठ्या देवाला घाई करायला सांगायची!

वसईचा_पोऱ्या

बरोबर आहे मास्तर. आमचे फादर सकाळी म्हणतात ती. मला ही ओळ साधूंची आहे ते माहीत नव्हतं, मला वाटायचं फादरना उशीर झालाय.

मडगांवची_आबोली

गोव्यातून. आमच्याकडे संध्याकाळी आंज्येलूची (सांजप्रार्थनेची) घंटा झाली की रस्त्यावरचा माणूस पण थांबायचा, अजून जुनी माणसं थांबतात, मग मुलांनी मोठ्यांचं बेसांव, म्हणजे आशीर्वाद, घ्यायचं. आणि एक गंमत, कोकणीत आम्ही थँक्यू म्हणायला "देव बरें करूं" म्हणतो, देव तुझं बरं करो. भाजीवाल्याने सुटे पैसे दिले तरी देव बरें करूं. दिवसाला वीसतीस प्रार्थना तर नुसत्या बाजारात होतात, लक्षात पण येत नाही. अर्थात लक्षात येत नाही हाच प्रॉब्लेम पण आहे, फक्त_वचन म्हणतात तो.

तेवीस_महिने

नाव बघून कळलं असेल. दारू सोडून तेवीस महिने झाले. ख्रिस्ती आहे पण चर्चला मागच्या बाकावर बसतो.

ऑफिस सुटल्यावर घरी जाताना एक सिग्नल लागतो, डाव्या हाताला वाईन शॉप. सिग्नल ९० सेकंदांचा आहे, आकडे उलटे पडतात. ज्यांनी सोडलीय त्यांनाच कळेल की ९० सेकंद केवढे असतात. माझी प्रार्थना "प्रभू, हा सिग्नल पार करू दे". आयुष्यभराची दारू सुटू दे असं मी मागत नाही, ते मागून बघितलंय, फार मोठं होतं, मला उचलत नाही. एक सिग्नल उचलतो. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला आम्ही ती मनःशांतीची प्रार्थना म्हणतो, जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती दे वाली, पण ती सिग्नलला मावत नाही.

एक खरं सांगतो. याच्या आधी एकदा चौथ्या महिन्यात पडलो होतो. त्या दिवशीपण प्रार्थना म्हटली होती. म्हटली आणि तरी गाडी डावीकडे वळवली. त्यामुळे कोणी सांगितलं की ओळ म्हटली की झालं, तर मी गप्प बसतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लाज वाटून लांब प्रार्थना करताच येत नव्हती, काय तोंडाने बोलणार, तेव्हापण छोटीच उपयोगाला आली. बायबलमधल्या जकातदाराची. "हे देवा, मज पाप्यावर दया कर." एवढंच म्हणून मीटिंगला गेलो आणि परत एकपासून मोजायला सुरुवात केली.

फक्त_वचन

तेवीस_महिने भाऊ, तुम्ही मागच्या बाकावर का बसता. पुढे या.

पेटीमास्तर

जकातदारही दूरच उभा होता हो, राहू द्या त्यांना मागे. पेटी मागेपर्यंत ऐकू येते.

ही ओळ पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत शतकानुशतकं चाललीय. "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." गाठी मारलेली लोकरीची दोरी हातात, एकेक गाठीला एकदा. श्वास घेताना अर्धी, सोडताना अर्धी असंही करतात. तर्करावांचे सहा श्वास तिथे येत असतील.

तर्कटराव

तर्कटराव. ट राहिला.

रात्रपाळी

एक विचारू? फिलिप्पै ४:१३ कुणी वापरतं का? "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे." संडे स्कूलला आम्ही हे वचन म्हणताना बोट वर करून गोल गोल फिरायचो, शक्तिमान सिरीयल होती ना तेव्हा, टीचर फटके द्यायच्या. आता तेच वचन मगवर असतं, रिक्षाच्या काचेवर असतं, जिमवाले पण टाकतात. मला त्याच्याने बळ यायच्या ऐवजी ओझं होतं. सर्वकाही करायचंय म्हणे. अजून किती करू.

सावेडीकर

अगं अगदी! मी पण ते फ्रिजवर लावलं होतं, काढून टाकलं. मग परवा त्याच्या आधीचं वाचलं, तिथे पत्र लिहिणारा पौल म्हणतो की तृप्त असणं आणि भुकेलेलं असणं, संपन्न असणं आणि विपन्न असणं, दोन्ही शिकलोय. आणि हे कैदेतून लिहितोय. म्हणजे सर्वकाही करणं म्हणजे डोंगर उचलणं असं नाही, यांना दिवसाला एक लिटरच पाणी चालतं तेवढ्यात भागवणं हेही त्यात आलं. चहा धरून एक लिटर. मे महिन्यात. आता त्यातला फक्त "सामर्थ्य देतो" एवढा तुकडा ठेवलाय, तो जिना चढताना म्हणते. लिफ्ट बंद असते आमची, आणि यांना डायलिसिसनंतर चढवत नाही, प्रत्येक मजल्याला थांबतो. तीन मजले. "सामर्थ्य देतो", थांबा. "सामर्थ्य देतो", थांबा.

विठूचा_गडी

माउली ही तर वारीच झाली की, विसावा घेत घेत.

आलेपाक

वाचतेय सगळं. माझी सांगते, ख्रिस्ती नाही मी, पण मिशनच्या शाळेत शिकले. परीक्षेच्या आधी टीचर म्हणायला लावायच्या, "मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन", स्तोत्र ५६ मधलं. आता पन्नाशीला आले, दाताच्या डॉक्टरकडे खुर्ची मागे झुकली की हेच आठवतं. स्तोत्र वगैरे बाकी सगळं विसरले. भीती वाटणार नाही असं त्यात म्हटलेलं नाहीये, वाटेल तेव्हा काय ते आहे, म्हणून पटलं असेल.

वसईचा_पोऱ्या

सावेडीकर ताई, कुठे गायब झालात, आठवडा झाला. यजमान कसे आहेत?

सावेडीकर

आहे आहे. सॉरी, गेला आठवडा जरा वाईट गेला.

बुधवारी मशीनवर असतानाच यांचं बीपी एकदम खाली आलं, पिंडरीत गोळे आले, मशीन ओरडायला लागलं. आत्याबाईंकडे लग्न होतं, आदल्या दिवशी पाणी जास्त झालं होतं, तेवढं काढताना असं होतं म्हणे. मी त्या दिवशी सुट्टी घेऊन तिथेच थांबले होते. सिस्टरने पटकन पाय वर केले, सलाईन सोडलं, काय काय केलं, मी भिंतीला टेकून उभी. आणि मंडळी, मला एकही ओळ आठवली नाही. एवढा धागा काढला, एवढ्या तुम्ही सांगितल्या, नहेम्या, आंधळा बार्तीमय, साधू, बाण. डोकं कोरं. नुसतं "प्रभू... प्रभू... प्रभू". क्रियापदसुद्धा नाही. दहा मिनिटांनी बीपी वर आलं.

घरी येताना रिक्षात यांनी विचारलं, "काय मग, आज मिस्ड कॉल दिलास का?" मी चाटच पडले! म्हटलं तुम्हाला कसं माहीत. तर म्हणे तू झोपलीस की मी तुझा धागा वाचतो, मला रात्री झोप कुठे येते. हे अजिबात चर्चवाले नाहीत बरं का, नाताळच्या केकापुरते ख्रिस्ती. मला म्हणतात, "त्या बाईंना सांग, मिस्ड कॉल अनोळखी माणसाला देतो का आपण? ज्याच्याशी ठरलंय त्यालाच देतो. खाली पोचलो की एक रिंग." आमचं लग्नाआधी तसंच होतं, हे गल्लीच्या तोंडाशी आले की एक रिंग द्यायचे आणि मी कचरा टाकायच्या निमित्ताने खाली.

त्या बाईंना अजून सांगितलं नाहीये, रविवारी भेटतील. चांगल्या आहेत तशा, डबा पाठवतात अधूनमधून.

आज शुक्रवार. पहाटे गजर वाजला, मी नेहमीसारखी हात पुढे केला तर यांचा उजवा हात आधीच डाव्या मनगटावर होता. अंधारात मला म्हणाले, "आहे. दहा मिनिटं झोप अजून."

रात्रपाळी

झोपलात ना मग? आणि त्या कुशीचं बघितलं का नाही?

सावेडीकर

झोपले. 😄 कुशीचं बरोबर होतं तुमचं, डावा हात डोक्याखाली घेऊनच झोपायचे, आता मध्ये उशी लावलीय.